उजव्या कोपऱ्यातला ठिपका

मंगळवारी रात्री आम्ही पाचजण असायचो,
बॉयलर धरून सहा.

पाटीवर अक्षरं चढवायचं काम माझं.
लांब काठीच्या टोकाला रबराची वाटी, बोटांचं लाकूड झालेलं.
'ई' कायम कमी. मग तीनचा आकडा डोक्यावर उभा करायचा,
डब्ल्यू पालथा घातला की एम.
एरी सरोवरावरून वारा सुटायचा
आणि सकाळपर्यंत दिग्दर्शकाचं अर्धं आडनाव बर्फात.
कुणाचं काही अडायचं नाही.
पोलादाचा कारखाना बंद पडलेल्या गावात
पोर्तुगीज सिनेमा हवा होता कुणाला?
होता. पाचजणांना.

वर, लोखंडी जिन्याच्या टोकाला, वेंडेल काच्मारेक.
दोन यंत्रं, एक स्टूल, वहीएवढी खिडकी.
वीस मिनिटांचं एक रीळ.
ते संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात
एक ठिपका चमकतो
(तुम्ही पाहिला नसेल, तुम्हाला दिसू नये असाच तो असतो),
मग सात सेकंद,
मग दुसरा ठिपका,
आणि त्याच श्वासात हे यंत्र मिटायचं, ते उघडायचं.
"अठ्ठावीस वर्षांत मी सिनेमा पाहिला नाही," तो म्हणायचा,
"कोपरा पाहिला."
कोपऱ्यात काय काय असतं ते त्याच्याकडून ऐकावं:
छताची ओल, घड्याळाचा अर्धा चेहरा,
चौकटीबाहेर निघालेला कुणाचा तरी खांदा.

तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आड, एतेल्का बोदनार.
वाचायचा चष्मा घरी विसरायची. मुद्दाम.
हंगेरीचा सिनेमा लागला त्या रात्री
नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती,
आणि ती भाषा ऐकायला गावात उरलं होतं
एक मांजर. तेही बहिरं.

पडद्यावर एक म्हातारा कोंबडीशी भांडत होता.
एतेल्का हसली.
मग खाली पांढरी ओळ उमटली.
मग आम्ही हसलो.
रात्रभर हेच: आधी ती, मागून आम्ही,
विजेमागून गडगडाट यावा तसे.
एकदा मात्र तिने तोंडावर रुमाल दाबला
आणि ओळ आलीच नाही.
ज्याने भाषांतर केलं त्याला ते वाक्य
एवढं काही मोलाचं वाटलं नसावं.
बाहेर पडताना मी विचारलं, काय म्हणाला तो?
कोटाची बटणं लावत म्हणाली, "काही नाही गं.
म्हणाला, जाताना दार ओढून घे."

पुढे रिळं येणं थांबलं.
मी तोवर कोलंबसला जाऊन, एक लग्न मोडून, परत आले होते.
वितरकाचं पत्र: नवं यंत्र घ्या, नाहीतर टाळं लावा.
सत्तर हजार डॉलर!
चर्चच्या तळघरात पॅनकेक तळले,
लोणच्याच्या बरण्या काउंटरवर ठेवल्या,
टायरवाला डेल स्टॅनेक पाचशे टाकून गेला.
आयुष्यात आत पाऊल टाकलं नव्हतं त्याने.
"तुमचे ते सिनेमे मला झेपत नाहीत," म्हणाला,
"पण रात्री त्या वळणावर दिवा असावा."

अकरा महिन्यांनी लिंडेन पुन्हा उघडलं.
वर आता एक निळा दिवा, एक किल्ली, आणि कुणी नाही.
वेंडेल पहिल्यांदाच खाली बसला,
एतेल्काच्या शेजारी, टोपी मांडीवर.
मी मागे उभी.
विसाव्या मिनिटाला त्याचा उजवा हात
खुर्चीच्या दांड्यावरून उठला,
हवेत काहीतरी अर्धं फिरवलं,
थांबला.
पडद्यावर काही मिटलं नाही, काही उघडलं नाही.
चाळिसाव्याला पुन्हा.
साठाव्या मिनिटाला एतेल्काने, पडद्यावरची नजर न काढता,
तो हात धरून खाली ठेवला.

मी काठी घेऊन बाहेर गेले.
पुढच्या आठवड्याच्या नावात
चार 'ई' होते.